हार घालायचा नाय

धनराज खैरनारांना नाशकात नावाने ओळखणारे लोक मोजके. अर्ध्या तोंडाने ओळखणारे मात्र अर्धा जिल्हा. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटीच्या चौकशीच्या खिडकीत ते बसायचे आणि त्या खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातून खैरनारांच्या मिशा, हनुवटी आणि शर्टाचं वरचं बटण एवढाच ऐवज दिसे. एकदा भाजीबाजारात एका गृहस्थाने त्यांना बराच वेळ निरखून पाहिलं आणि अखेर न राहवून म्हणाला, "राग मानू नका, पण जरा डोळ्यांवर हात धरता का?" खैरनारांनी धरला. "हां! चौकशीवाले साहेब! तरीच म्हटलं, पाहिलंय कुठंतरी."

खैरनारांच्या बाजूने मात्र सौदा फायद्याचा होता. प्रश्न विचारायला माणूस वाकायचा आणि वाकला की त्याचा अख्खा चेहरा त्या भोकात असा येऊन बसायचा, जणू कुणी फ्रेम करूनच आणून दिलाय. सटाण्याकडचा एखादा म्हातारा विचारायचा, "भाऊ, सटाणानी गाडी लागनी का?" खैरनार स्वतः तिकडचेच. ते सांगायचे, "लागनी बाबा, कोपराले उभी शे." म्हातारा जायचा, गाडीही जायची, पण म्हाताऱ्याचं नाक खैरनारांच्या डोळ्यांसमोरच राहायचं. मग ते ड्रॉवर उघडून टाक आणि काळ्या शाईची दौत काढायचे आणि रद्द झालेल्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर ते नाक उतरवून घ्यायचे. नाक आलं की मागोमाग डोळे, सुरकुत्या, टोपी सगळी वऱ्हाडी मंडळी यायची.

नव्वद साली ते या खिडकीत आले तेव्हापासूनचा हा उद्योग. शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या चित्रकलेच्या दोन परीक्षा, तेवढंच. पण चेहऱ्यांच्या बाबतीत ते अगदी खोलात शिरलेले. ज्याची गाडी चुकली त्याचा चेहरा आणि ज्याची गाडी चुकता चुकता मिळाली त्याचा चेहरा, यात भुवयांच्या दोन रेघांचा काय तो फरक असतो, असं ते बायकोला समजावून सांगत. त्यांची बायको आशाताई म्हणायच्या, "अहो, ते असू दे. पण घरी आलेल्या पाहुण्यांकडे असं टक लावून बघत जाऊ नका. कालच्या वन्संबाईंनी जेवताना तीनदा पदराने तोंड पुसलं. त्यांना वाटलं, गालाला वरण लागलंय."

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खैरनारांच्या मनाला लागून होती. माणसाला न विचारता त्याचं तोंड घ्यायचं, हे काही बरं नव्हे. कुणी खिडकीशी आलं की ते चित्रावर हात आडवा धरायचे, परीक्षेत पुढचा मुलगा धरतो तसा. विचारायचं म्हटलं तर कसं विचारणार? "सिन्नर साडेदहा, फलाट चार; आणि तुमचं कपाळ फार छान आहे," असं कोण म्हणणार?

ही चोरी पकडली कुसाबाईंनी.

कुसाबाई पेठच्या पुढच्या एका पाड्यावरच्या. घरी भाताची नि नागलीची थोडी शेती, म्हातारा नवरा सावळीराम आणि मुलगा बुधा, जो हंगामात द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे जायचा. कुसाबाई आठवड्यातून दोन-तीनदा सकाळच्या गाडीने नाशकाला यायच्या. पाटीत उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात कंटोळी, थंडीत आवळे. स्टँडच्या कडेला बसून पाटी रिकामी करायची आणि दुपारच्या गाडीने परत जायचं. जाताना उरलेला मूठभर माल त्या चौकशीच्या भोकातून आत सारायच्या. का, तर पहिल्यांदा आल्या तेव्हा खैरनारांनी त्यांना नुसता फलाट सांगितला नव्हता, खिडकीतून उठून गाडीपर्यंत पोचवलं होतं. तेवढ्यावर बाईंनी त्यांच्या नावे आयुष्यभराची करवंदं लावून दिली.

त्या दिवशी मूठ आत आली आणि मुठीमागून डोकंही आत आलं.

"ही कोण रं?"

खैरनारांचा हात आडवा पडायला उशीर झाला. कागदावर अर्ध्या कुसाबाई होत्या.

"तुम्हीच," खैरनार म्हणाले. कानाच्या पाळ्या तापलेल्या.

"माझं नाक एवढं मोठं हे?"

खैरनारांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. खोटं बोलवेना. "आहे."

"मग बराबर हे," कुसाबाई म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "पण भाऊ, फोटू नको. आमच्यात भिताडावर फोटू लागतो तो मेल्यावर."

"हा फोटो नाही, मावशी. चित्र आहे."

"काच लावशील?"

"लावीन कधीतरी."

"चौकट?"

"ती पण."

"मग फोटूच झाला." आणि खिडकीपुढे माणसांची रांग खोळंबलेली असताना कुसाबाईंनी आपल्या जावेची, झुंबरबाईची, गोष्ट सांगितली. झुंबरबाईने जत्रेत हौसेने फोटो काढला. मागे पडद्यावर ताजमहाल आणि पुढे झुंबरबाई. मुलाने त्याला चौकट केली. सुनेला वाटलं, फोटो बोडका दिसतोय, म्हणून तिने बाजारातून प्लास्टिकच्या फुलांचा हार आणून त्याच्यावर घातला. "भाद्रपदात हार घातला न् दिवाळीला बाई गेली. चांगली हिंडती फिरती बाई! माणूस जिता असताना फोटूला हार घातला का वरच्याला वाटतं, हिचा हिशेब झाला."

रांगेतला एक जण कळवळून म्हणाला, "बाई, माझी सिन्नर जाईल."

"जाईल तर दुसरी येईल. झुंबर येणार हे का?" कुसाबाईंनी त्याला गप्प केलं आणि परत भोकात वळल्या. "काढ तू. तुझा हात चांगला हे. चौकट कर, काच लाव, काय करायचं ते कर. पण हार घालायचा नाय. माझ्या डोस्क्यावर हात ठेव न् सांग."

खैरनारांनी भोकातून हात बाहेर काढून कुसाबाईंच्या डोक्यावर ठेवला आणि सांगितलं, "नाही घालणार. कुणाला घालू देणार नाही."

खैरनारांच्या आयुष्यात उघडपणे, राजीखुशीने समोर बसलेलं हे पहिलं माणूस. त्यांनी सुटी घेतली. कुसाबाई स्टँडमागच्या लिंबाखाली पोत्यावर बसल्या. काय बसल्या! एक जांभई सोडली तर हलल्या नाहीत. खैरनारांनी घरी जाऊन ते चित्र मोठ्या कागदावर पुन्हा काढलं. उभ्याआडव्या बारीक रेघांची जाळी विणून सावल्या भरल्या. कपाळावरच्या आठ्या, हसू येतंय पण येऊ द्यायचं नाही म्हणून दाबलेला ओठ, आणि पाटीतल्या मालाकडे बघणाऱ्या गिऱ्हाइकाची ऐपत जोखणारा तो एक बारीक केलेला डोळा. आशाताईंनी ते उजेडात नेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "ही आता भाव सांगेल असं वाटतंय."

ही चित्रं कपाटावर साठत गेली, ती दीपकच्या हाती लागली. दीपक म्हणजे आशाताईंचा धाकटा भाऊ. विमा विकायचा पोटासाठी आणि सूत्रसंचालन करायचा जिवासाठी. कॉलनीतलं हळदीकुंकू असो की बोअरवेलचं उद्घाटन, माइक दीपककडेच. तो म्हणाला, "दाजी, प्रदर्शन झालंच पाहिजे. हॉल मी बघतो, पाहुणे मी बघतो. तुम्ही फक्त उभे राहा."

दोन हजार दोन सालच्या डिसेंबरातला रविवार ठरला. गंगापूर रोडकडे एक छोटा हॉल मिळाला. पाहुणे म्हणून रावजी गांगुर्डे, म्हणजे रावजीशेठ. मांडव, खुर्च्या आणि भांडी भाड्याने देण्याचा त्यांचा मोठा व्यवसाय, आणि खुर्च्या त्यांच्याच असल्यामुळे बहुतेक समारंभांत मधल्या खुर्चीवरही तेच असत. माणूस मनाने मोकळा. वर्षातून कितीतरी कार्यक्रमांत दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन करून करून त्यांचे हात आपोआप चालायचे.

खैरनारांनी भिंतीवर चाळीसेक चेहरे लावले आणि कुसाबाईंचं मोठं चित्र काच-चौकटीसह लाकडी स्टँडवर ठेवून व्यासपीठाजवळ उभं केलं. दारातून आत आल्या आल्या कुसाबाईंना आपलंच चित्र दिसावं म्हणून. "पेठची गाडी अकराला लागते. तीच धर मावशी, बरोबर वेळेवर येशील," असं त्यांनी आदल्या खेपेला सांगून ठेवलं होतं. कार्यक्रम दहाचा होता. तोवर भाषणं आटोपतील आणि कुसाबाईंना निवांत चित्र बघता येईल, असा हिशेब.

रावजीशेठ पावणेअकराला आले. ते म्हणजे, त्यांच्या मानाने, लवकरच.

दीपकने माइक फुंकला. "प्रथेप्रमाणे मान्यवरांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन करून..." इथे तो अडखळला. समई होती, वात होती, तेल होतं, काडेपेटी होती, उदबत्ती होती, झेंडूचा चांगला मनगटाएवढा हार होता. सरस्वतीची तसबीर तेवढी नव्हती. ती घरी फ्रिजवर राहिली होती. दीपकने घाबरून आशाताईंकडे पाहिलं, आशाताईंनी कपाळाला हात लावला, आणि तेवढ्या वेळात रावजीशेठच्या हातांनी आपलं काम केलं. समई पेटवली, तबकातला हार उचलला, समोर समईशेजारी स्टँडवर काचेची चौकट दिसली. काळ्या-पांढऱ्यात एक वयस्कर बाई, चेहऱ्यावर कष्ट. शेठनी हार घातला, उदबत्ती ओवाळली, आणि डोळे मिटून हात जोडले.

त्यांनी हात जोडले म्हणताच सगळा हॉल उभा राहिला. आणि अशा शांततेत नेमकं किती वेळ उभं राहायचं हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळे बराच वेळ उभे राहिले.

खैरनारांनी हार पाहिला. आपण ज्या डोक्यावर हात ठेवला, त्याच डोक्याभोवती झेंडू. ते पुढे झाले, तर दीपकने बाही धरली. "दाजी, काय करताय? पाहुण्यांनी घातलेला हार पाहुण्यांसमोर उतरवायचा? खुर्च्या त्यांच्या आहेत!"

"अरे, बाई जिवंत आहे!"

"कोण?"

"ती! कुसाबाई! आत्ता येईल ती अकराच्या गाडीने!"

दीपकचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एरवी खैरनारांनी तिथेच टाक काढला असता.

"उशीर होईल हो तिला. कुठली पेठची गाडी वेळेवर येतेय!" दीपकने धीर दिला. आणि खैरनारांनी, ज्यांनी बारा वर्षं त्या खिडकीत बसून "येईल, वेळेवर येईल" असं हजारोंना सांगितलं होतं, त्यांनी हात जोडून मनातल्या मनात प्रार्थना केली की आजच्या दिवस तरी गाडी येऊ नये.

गाडी वेळेवर आली.

तोवर रावजीशेठ माइकवर उभे होते. चित्राखालच्या चिठ्ठीवर 'कुसाबाई' एवढंच नाव होतं. तेवढं त्यांना पुरेसं होतं. "आज कुसाबाई आपल्यात नाहीत," शेठ भरल्या आवाजात म्हणाले. "पण त्यांचे कष्ट, त्यांची माया... धनराजभाऊंना त्यांनी पोटच्या मुलासारखं पाहिलं..." शेठना यातलं काहीही ठाऊक नव्हतं, पण इतक्या शोकसभा केलेल्या माणसाचा नेम सहसा चुकत नाही.

दारात आशाताई गुलाबपाणी शिंपडत उभ्या होत्या. नवऱ्याने त्यांना लांबूनच खुणावलं: अडव, चहा पाज. आशाताईंनी कुसाबाईंना बाहेर चहा दिला. कुसाबाईंनी तो बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत शिरल्या. पुढच्या रांगांतली मंडळी उंच, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. कुसाबाई मागच्या खुर्चीवर टेकल्या आणि भाषण ऐकू लागल्या.

"सूर्य उगवायच्या आधी उठायचं," शेठ सांगत होते, "डोंगर उतरायचा, पाटी डोक्यावर घ्यायची..."

कुसाबाईंनी शेजारी बसलेल्या आशाताईंना कोपराने ढोसलं. "कोण गेली, बाई?"

आशाताई गुलाबदाणी चाचपत म्हणाल्या, "अं... कुणी कुसाबाई म्हणून."

"अरेरे. आमच्या तिकडं लय कुसा हेत." कुसाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "चांगली बाई दिसती."

इकडे खैरनार हळूहळू सरकत चित्रासमोर येऊन उभे राहिले होते. चित्र झाकलं, हारही झाकला, फक्त हाराचा वरचा भाग त्यांच्या दोन्ही कानांमागून डोकावत होता. समोरून बघणाऱ्याला वाटे की चित्रकाराने हार स्वतःलाच घालून घेतलाय. पहिल्या रांगेत कुजबुज झाली, "कलाकार जरा स्वतःवर खूश दिसतोय."

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. माणसं उठून भिंतींकडे पांगली आणि वाट मोकळी झाली. कुसाबाई थेट पुढे आल्या.

"भाऊ! मी कुठं हे?"

"मावशी, आधी ही बघ... ही सगळी बघ. हा बघ सटाण्याचा बाबा..."

"बाबा ऱ्हाऊ दे. मला बघायला आले मी. सर बाजूला."

खैरनार सरले नाहीत. कुसाबाईंनी पाटी उचलायच्या हातानेच त्यांचा दंड धरला आणि दारातलं बकरू सारावं तसं त्यांना बाजूला सारलं.

आधी त्यांना चेहरा दिसला. दाबलेला ओठ हळूच सैल झाला. "मीच हे," त्या म्हणाल्या. "नाक बराबर हे." मग नजर खाली उतरली. हार, उदबत्ती, समई. पदराला हात गेला. मागच्या खुर्चीवर बसून आपण कोणासाठी डोळे पुसले, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मावशी," खैरनार म्हणाले, "मी शब्द दिला होता. मी घातला नाही. पण मला अडवता आलं नाही." आता ही बाई आपल्या खिडकीशी परत वाकायची नाही, ते भोक आता रिकामंच राहणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

"कोणी घातला?" कुसाबाईंनी विचारलं.

रावजीशेठ पुढे झाले. त्यांना आता उलगडा होत होता आणि कपाळावर घाम येत होता. "मी घातला, बाई. मला काय ठाऊक! आयुष्यभर ज्या-ज्या चौकटीला हार घातला त्यातलं कुणी असं चालत पुढे आलं नव्हतं हो."

कुसाबाईंनी शेठना पायांपासून पागोट्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या टकलापर्यंत, पाहून घेतलं. तोच तो एक डोळा बारीक झाला. मग त्यांनी उदबत्ती उचलून समईपलीकडे खोचली, चित्रावरचा हार दोन्ही हातांनी सावकाश उतरवला आणि शेठच्या हातात दिला.

"तू मोठा माणूस दिसतोस," त्या म्हणाल्या. "मंत्री येतो तवा त्याला हार घालतोस का नाय?"

"घालतो की."

"कुठं? फोटूला?"

"नाही. गळ्यात."

"तो मरतो?"

शेठ गोंधळले. "नाही... चांगला जेवून जातो."

"मग घाल." कुसाबाईंनी पदर सावरला आणि मान पुढे केली. "हा घे गळा. चौकटीला घातला तर मयत, गळ्यात घातला तर मान. वरच्यानं चुकून बघितलं असंल तर त्याला परत बघू दे."

रावजीशेठनी हार घातला. आयुष्यात इतक्या काळजीने त्यांनी कधी कुणाला हार घातला नसेल. आणि दीपक, ज्याला इतका वेळ आपण विमाच विकत राहायला हवं होतं असं वाटत होतं, त्याच्या अंगात एकदम सूत्रसंचालक संचारला. "आणि आता," तो माइकवर गरजला, "ज्या क्षणाची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो! आजच्या सत्कारमूर्ती, श्रीमती कुसाबाई!" पाहुण्यांसाठी आणलेली शाल आणि नारळ त्याने शेठच्याच हातात कोंबले आणि शेठनी ते आनंदाने कुसाबाईंना दिले. टाळ्या अशा वाजल्या की मघाच्या शांततेचं व्याजासकट उट्टं निघालं. खैरनारांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते जवळच्या खुर्चीवर बसले आणि मिशांतल्या मिशांत हसत राहिले.

"मला म्हातारा म्हणतो, तुला कोण इचारतं," कुसाबाई नारळ हलवून आत पाणी आहे का ते बघत म्हणाल्या. "हार असाच घालून जाते घरी. गाडीत काढायची नाय."

"दुपारची गाडी दीडला आहे, मावशी."

"वेळेवर हे ना?"

"वेळेवर आहे," खैरनार म्हणाले, आणि या वेळी अगदी मनापासून म्हणाले.

तरीही पुढचे काही दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळची पेठची गाडी लागली की ते भोकातून उलटे वाकून बाहेर बघायचे. एका सकाळी मूठभर आवळे आत आले. मुठीमागून डोकं आलं. "म्हातारा माझ्याशी बोलंना झालाय," कुसाबाई म्हणाल्या, "त्याला बी हार पाहिजे." खैरनारांनी त्या दिवशी सगळ्या प्रवाशांना इतक्या गोड आवाजात फलाट सांगितले की एकाने विचारलं, साहेबांची बदली झाली की काय.

चित्र खैरनारांच्या घरी पुढच्या खोलीत लागलं. दसऱ्याला आशाताई दाराला, देवाला, स्कूटरला, शिलाई मशीनला आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोला हार घालायच्या. त्या एका चौकटीला सोडून. तिच्या वाटचा हार खैरनार पिशवीत घालून स्टँडवर न्यायचे. त्या दिवशी सगळ्या गाड्यांच्या नाकावर झेंडू असतो, त्यामुळे स्टँडच्या कडेला पाटीमागे एक बाई हार घालून कंटोळी विकते आहे, याचं कुणाला विशेष वाटत नसे. सावळीरामही मग दर दसऱ्याला आवर्जून बरोबर यायला लागला. त्याच्यासाठी दुसरा, बारका हार.

असं दोन हजार आठपर्यंत चाललेलं तरी पाहण्यात आहे. त्या दसऱ्याला खैरनार निवृत्तीच्या उंबऱ्यावर होते. फुलं महाग, गर्दी फार. घाईत घेतलेला हार त्यांनी खिडकीतून उठून कुसाबाईंच्या गळ्यात घातला. कुसाबाईंनी तो बोटांत धरून पाहिला आणि डोळा बारीक केला.

"भाऊ, औंदा बारीक आणलास," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली जाडा आण."